पाटीवालीचा चेहरा

१

शटर अर्धं वर गेलं आणि मंजुळाचा हात तिथंच थांबला.

"काका, तुमी आत जावा आधी," ती म्हणाली. "मना दिसतंय तेच तुमाला दिसतंय का, सांगा."

रमाकांत त्रिलोकेकर वाकून आत शिरले. चिंचपोकळीच्या पुलाजवळचा तो दहा बाय आठचा गाळा, भिंतींना नुकताच चुना दिलेला. समोर दुकानाचा नवा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. पिवळ्या रंगावर लाल वर्तुळ, वर्तुळात डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आणि खाली ठसठशीत अक्षरं : ‘पाटीवाली – सुकी मासळी आणि मसाले’. अक्षरांना धक्का लागला नव्हता. पाटी होती, पाटीतून डोकावणाऱ्या बोंबलांच्या शेपट्या होत्या, खांद्यावरचा पदर होता.

चेहरा मात्र नव्हता. पदराच्या वर उघडा पत्रा दिसत होता.

बाजूच्या भिंतीवर चित्रकार शरच्चंद्रांचं मूळ पेन्सिलचित्र टाचलेलं होतं. त्यातलाही चेहरा गेला होता. पण तो कोणी फाडला नव्हता, कात्रीनं कडेकडेनं गोल कापून नेला होता.

मंजुळा उंबऱ्यावरच बसली. चार दिवसांवर गुढीपाडवा होता, त्या दिवशी दुकान उघडायचं होतं. नवऱ्याच्या, जगनच्या, मिलचं फाटक बंद होऊन दोन वर्षं उलटली होती. तेवढा काळ तिनं फुटपाथवर सुकटबोंबील विकून घर ओढलं होतं. आता कुठे डोक्यावर छप्पर आणि नावाचा बोर्ड येणार होता.

रमाकांतांनी ट्रेडमार्कच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली होती. दोन छाप शेजारी ठेवायचे आणि गिऱ्हाईक फसेल की नाही ते ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर गिरगावातल्या त्यांच्या खोलीवर छोटे दुकानदार अर्ज भरून घ्यायला येत. मंजुळा तशीच आली होती. पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, "काका, आमचं दुकान लोकांनी वासावरून नको, बघून वळखाया पायजे." ते वाक्य त्यांना इतकं आवडलं, की अर्ज देण्याआधी बोर्ड जागेवर बघायला ते स्वतः आले होते.

"पोलिसात जाऊ?"

"पोलीस म्हणतील, रंग उडालाय तर परत लावा." रमाकांत गुडघ्यांवर बसले. खाली रंगाच्या मऊ साली पडल्या होत्या, वाटाण्याच्या टरफलांसारख्या. "शरच्चंद्रांनी रंगवणं कधी संपवलं?"

"काल सांजला सहाला. किल्ली घरी देऊन गेले."

सहा-सातला खरवडलं असतं तर ओला रंग फासला गेला असता. अशा साली निघायला मधे रात्र जावी लागते. म्हणजे हे पहाटेचं काम. ओरखडेही बघण्यासारखे होते. आखूड, एकाच दिशेचे, खालून वर. त्यात रागापेक्षा हाताची सवय दिसत होती.

"कुलूप?"

"लावलेलंच होतं. मी आता उघडलं ना तुमच्यासमोर."

म्हणजे जो आला, तो किल्लीनं उघडून आला आणि जाताना पुन्हा कुलूप लावून गेला.

२

समोरच्या मसाल्याच्या दुकानात तुळशीदास नार्वेकर मिरच्यांची पोती मोजून घेत होता. मूळचा मालवणकडचा, या गल्लीत वीस वर्षं मसाला विकणारा. मंजुळाचा गाळा त्यालाच हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेबानूं, माका भांडाचा असता तर मी उघड भांडलंय असतंय," तो म्हणाला. "आणि मोडूचाच होता तर नाव मोडलंय असतंय. चेऱ्यान माझा काय घोडा मारलान?"

रमाकांतांना हे पटलं. धंद्यातला वैरी नाव पुसतो. तीस वर्षं त्यांनी लोकांना नावांवरूनच भांडताना पाहिलं होतं.

"तुम्ही दुकान कधी उघडता?"

"साडेपाचाक. गिरणवाले येतत पोती टाकूक." तो जरा घुटमळला. मग समोरच्या उंबऱ्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "तुमी इचारतास म्हणान सांगतंय. आज साडेपाचाक ती मंजुळाच इल्ली हुती. पाठमोरी बघितलंय मी. काष्टा, डोक्यार पाटी. शटर वर केल्यान, आत गेली, धा-पंधरा मिन्टांनी भायर."

रमाकांत परत आले. मंजुळा साली गोळा करत होती. एकेक उचलून तळहातावर ठेवत होती, जणू जोडून बघणार होती.

"सकाळी साडेपाचला कुठे होतात?"

"नळावर. पाणी पाचला येतं आमच्याकडं, सहाला जातं. सगळी वाडी असते तिथं. का?" मग तिचा चेहरा उतरला. "काका, तुमाला जगनचा संशय हाय ना? मनापण हाय. किल्ली आमच्या घरात खिळ्याला असते. आणि त्याला हे चित्र पहिल्यापासून नको होतं."

३

जगन लालबागच्या नाक्यावर युनियनच्या पोरांबरोबर उभा होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा. काम सुटल्यापासून हातांचं काय करायचं ते न कळणारा. ऐकल्यावर आधी तो भडकला आणि मग एकदम खचल्यासारखा झाला.

"मंजुळाला वाटतं मी केलं? काका, मी बोललो होतो तिला, नाही असं नाही. म्हटलं, मागावरच्या धोट्याचं चित्र टाक, माशाचं टाक, बाईचं तोंड नको. पण असं चोरासारखं करीन मी?"

"बाईचं तोंड का नको?"

"बाबांना आवडलं नसतं." तो सहज बोलून गेला आणि मग स्वतःच विचारात पडला. "आमचे बाबा, बुधाजी. मिलमध्ये घडी खात्यात होते. त्यांनी घरात कधी बाईचं चित्र लावू दिलं नाही. कॅलेंडरवर लक्ष्मी असली तरी तारखा कापून घ्यायचे, लक्ष्मी परत द्यायचे. लहानपणापासून तेच बघितलं, म्हणून माझ्याही तोंडी आलं."

"कारण कधी विचारलंत?"

"बाबांना? त्यांना कोण विचारणार! घरात बोलायचेच नाहीत. आईशी तर नाहीच."

दुपारी रमाकांत शीव कोळीवाड्यात गेले. जगनच्या घराच्या ओट्यावर त्याची आई गुणवंती मासे साफ करत बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, केस अर्धे पांढरे, पाठ ताठ. उजव्या कानात सोन्याची जाड कुडी, डावा कान मोकळा. हातातलं आखूड पातं शेपटीकडून डोक्याकडे चालत होतं आणि खवले उडत होते.

"बोर्डाचं कळलं असेल तुम्हाला," रमाकांत म्हणाले.

"सुनेनं सांगितलं."

"चित्र बघितलं होतंत?"

"काल सांजला तिनं छापलेली पिशवी आणली होती दाखवायला. बघितली." पातं थांबलं नाही. "चुलीवर कालवण उतू जात होतं, म्हणून उठले."

"आवडलं?"

"माझ्या आवडीचं काय त्यात? दुकान तिचं हाय."

रमाकांत अजून काही विचारणार, तेवढ्यात तिनं मासा उलटा केला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "काढणाऱ्याला विचारा. कोणाचं तोंड काढलं, ते त्याला ठाव असंल."

४

संध्याकाळी गिरगावात खोलीवर परतल्यावर रमाकांतांनी पिशवीचा नमुना दिव्याखाली धरला. अर्जाला जोडायला मंजुळानं त्यांना तीन नमुने आधीच दिले होते, त्यामुळे तो चेहरा त्यांच्याजवळ शाबूत होता.

पंचविशीची बाई. मान किंचित वळलेली. कोणीतरी हाक मारली आहे आणि ओ द्यायची की नाही ते ती ठरवते आहे, असा भाव. रमाकांतांनी भिंग घेतलं. डाव्या कानाची पाळी मधोमध चिरलेली होती. ती झाकायला चित्रकारानं काही केलं नव्हतं.

मनानं रचलेल्या बाईचा कान कोणी फाटका काढत नाही. ही बाई होती, किंवा आहे.

आणि नमुने हातात आल्यापासून त्यांना खुपणारी गोष्ट वेगळीच होती. हा चेहरा त्यांनी पाहिला होता. माणसांचे चेहरे ते विसरत, छाप विसरत नसत. कपाटातून त्यांनी जुनी वही काढली. मिलच्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवायच्या रंगीत तिकिटांचा त्यांना पहिल्यापासून नाद. वाघ, मोटारी, देव, राण्या. एकेका पानावर सहा-सहा तिकिटं. एकतिसाव्या पानावर ते थांबले.

‘सागरिका छाप लाँगक्लॉथ’. समुद्र, होडी आणि पुढे डोक्यावर पाटी घेतलेली बाई. तीच मान आणि तोच चिरलेला कान. खाली त्यांच्याच अक्षरात नोंद होती : १९५६.

नोकरीतलं त्यांचं ते पाचवं वर्ष. हा अर्ज त्यांच्याच टेबलावरून पुढे गेला होता. हयात माणसाचा चेहरा छापात वापरायचा तर त्या माणसाची लेखी संमती घ्यावी लागते. तशी विचारणा त्यांनी केली होती आणि मिलकडून एका ओळीचं उत्तर आलं होतं : चित्र काल्पनिक. कान त्यांना तेव्हाही दिसलाच असणार. पण बाकीच्या छापांशी साम्य नाही एवढं पाहून त्यांनी कागद पुढे सरकवला होता.

त्या उत्तराखाली चित्र काढणाऱ्याची सही होती. ती कोणाची, हे आता सांगायला कोणी नको होतं.

५

दुसऱ्या दिवशी रमाकांत परळला गेले. शरच्चंद्र तिथं एका खोलीत बोर्ड रंगवून दिवस काढत होते. पंचवीसहून अधिक वर्षं मिलच्या ड्रॉइंग खात्यात तिकिटं काढलेला माणूस. संपानंतर पुन्हा हाक आलीच नाही. चेहरा खरवडल्याचं कळल्यावर त्यांना स्वतःलाच लागल्यासारखं झालं होतं.

"दोन दिवसांत परत काढून देतो," ते म्हणाले. "तसाच्या तसा. मला पाठ आहे."

"पाठ आहे म्हणजे पूर्वी काढलेला आहे." रमाकांतांनी तिकिटाचं पान त्यांच्यासमोर धरलं. "कोण ही?"

"कल्पनेतली आहे हो."

"कान?"

शरच्चंद्रांनी ब्रश खाली ठेवला. खिडकीजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"आमच्या खात्याची खिडकी फाटकावर होती," ते म्हणाले. "दुपारच्या सुट्टीत ती फाटकाशी मासळी विकायला बसायची. मी चोवीस वर्षांचा. आठ-दहा दिवस वरून बघून काढत होतो. तिला कधी कळलंही नसेल. साहेबांना चित्र आवडलं आणि तिकीट झालं. महिन्याभरात ती यायची बंद झाली. मला वाटलं, लग्नबिग्न झालं असेल, किंवा दुसरा बाजार धरला असेल. मंजुळाबाईंनी कोळीण काढा म्हटलं, तेव्हा दुसरी कोणी हातातून उतरेचना. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं चित्र तेच होतं, त्रिलोकेकर."

"ती हयात आहे का, विचार केलात?"

"तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," रमाकांत म्हणाले. "तिच्याच घरात तुम्ही परवा किल्ली देऊन आलात."

६

त्याच्या पुढच्या सकाळी रमाकांत कोळीवाड्यात गेले ते एकटेच. मंजुळा गाळ्यावर गेली होती.

"परवा पहाटे तुम्ही मासळी आणायला धक्क्यावर निघालात," ते ओट्याच्या कडेला बसत म्हणाले. "खिळ्यावरची किल्ली घेतलीत आणि वाटेत चिंचपोकळीला उतरलात. समोरच्या दुकानदारानं बघितलं, पण त्याला पाठच दिसली. पाटी घेतलेली कोळीण म्हणजे मंजुळाच, असं त्याला वाटलं. खरवडलंत ते खवले काढायच्या पात्यानं. हाताला वळण तेच. एवढं मला कळलं. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत बसेना. ज्याला तो चेहरा नको होता, त्यानं कागदावरचा इतका जपून कापून का नेला?"

गुणवंती उठली. आतून तांब्याचा डबा घेऊन आली. डब्यात घडी घातलेल्या लुगड्याच्या तुकड्यावर तो कागदाचा गोल होता.

"माझा तवाचा फोटो नाय," ती म्हणाली. "लग्नात पण काढला नाय कोणी. मी कशी होते ते मीच इसरले होते."

मग ती बोलली. अठ्ठावीस वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते तिनं मासळीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. जगन तेव्हा दोन वर्षांचा. बुधाजी घडी खात्यात, तागे घडी करून त्यांवर तिकिटं चिकटवायच्या कामावर. एके दिवशी तिकिटांचा नवा गठ्ठा आला आणि त्याच्या हातात स्वतःच्या बायकोचं तोंड आलं. दिवसाला शेकडो तिकिटं. खात्यातले गडी हसायचे. बुधाजी, वहिनींना नीट चिकटव रे. बुधाजी, चित्रकाराला वहिनी किती येळ देतात?

"घरी येऊन त्यानं एकच इचारलं, त्याच्यासमोर कवा बसलीस? मी म्हटलं, कोणासमोर? मना काय ठावच नाय. त्याला खरं वाटलं नाय. मारलं नाय हो त्यानं, कधीच नाय. नुसतं बोलणं सोडलं. फाटकावरचा धंदा बंद केला माझा. एकवीस वर्षांनी मेला, तवापण त्याच्या मनात तेच होतं." तिनं कागद पुन्हा घडीवर ठेवला. "आता तेच तोंड पोराच्या दुकानावर लागणार. लालबागला जुने घडीवाले अजून हायेत. कोणी वळखलं, तर जगन काय इचारणार मना? तेच ना?"

रमाकांतांनी खिशातून तिकिटाचं पान काढलं आणि आपली नोंद तिला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं म्हणून स्वतःच वाचून दाखवली. मिलनं काय लिहून दिलं आणि त्यांनी ते कसं मान्य केलं, तेही सांगितलं.

"तेव्हा मी एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता," ते म्हणाले. "विचारला नाही."

गुणवंतीनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "आता इचारता तर एक करा. त्या माणसाला हितं आणा. पोरगा असताना, सून असताना. जे खरं ते त्यानं बोलू दे."

शरच्चंद्र त्याच दिवशी दुपारी आले. ओट्यावर जगन उभा होता, मंजुळा दाराशी. शरच्चंद्रांनी चपला काढल्या आणि ते गुणवंतीसमोर उभे राहिले.

"यांनी मला कधी पाहिलेलं नाही," ते जगनला म्हणाले. "एकदाही नाही. मी खिडकीतून चोरून काढलं. विचारायची हिंमत नव्हती, आणि गरज आहे असंही वाटलं नाही. तुमच्या वडिलांना हे सांगायला हवं होतं. मी त्याच मिलमध्ये, दोन मजले वर होतो."

जगन आईच्या पायाशी येऊन बसला. लहानपणानंतर तो तिथं कधी बसला नसावा, कारण गुणवंतीला हात कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी तिनं तो त्याच्या डोक्यावर ठेवला.

"आय," मंजुळा म्हणाली, "चेहरा नकोच आपल्याला. नुसती पाटी काढू. पाडव्याला दोन दिवस हायेत. पिशव्यांचा नमुना बदलू, काका सांगतील कसा."

"पाटी कोणाची पण असते," गुणवंती म्हणाली. "मग लोकांनी तुला वळखायचं कसं?" ती शरच्चंद्रांकडे वळली. "तुमी काढायचं. पण ते पोरीचं तोंड नाय. आता हाय ते. पांढऱ्या केसांसकट."

"मी... तुम्ही बसाल?"

"उद्या सकाळी सातला. गाळ्यात. शटर उघडं ठेवून."

७

पाडव्याच्या सकाळी दुसरी बैठक संपली आणि बोर्ड चढला. वर्तुळातली बाई आता समोर बघत होती. जवळून बघितलं तर कडेचा पिवळा अजून ओला होता. शरच्चंद्रांनी रस्त्यापलीकडून डोळे बारीक करून तो तीनदा तपासला. तुळशीदास नार्वेकरानं एक नारळ आणून दिला आणि, "माज्या गिऱ्हायकांका वासाचा त्रास झालो तर सांगतलंय हां," असंही बजावलं. रमाकांतांनी अर्जाला नवा नमुना जोडला. त्याच्यासोबत संमतीचा कागद होता. त्यावर गुणवंतीचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून मुलाची सही.

दहाच्या सुमाराला लालबागकडून एक म्हातारा काठी टेकत आला. त्यानं बोर्डाकडे बघितलं, मग गल्ल्यामागे बसलेल्या गुणवंतीकडे, मग पुन्हा बोर्डाकडे. जुना मिलवाला असावा. अर्धा किलो सोडे मागून तो घोटाळत उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "वर ते... तुम्हीच ना?"

मंजुळाचा वजनाचा हात थांबला. जगननं मागच्या बाजूला पोतं खाली ठेवलं.

"मीच," गुणवंती म्हणाली, आणि सोड्यांच्या पुड्याला दोरा गुंडाळत राहिली. "दोन सकाळी बसले होते त्याच्यासमोर."